मतभेद नेमका कुठे सुरू होतो?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आरोग्य, कायदा, मुलांचे शिक्षण असे नाना विषय असतात. या वेळी मात्र निरनिराळ्या वयाच्या आणि पेशाच्या वाचकांनी जणू ठरवून एकच गोष्ट विचारली आहे: जे आपल्याला ढळढळीत दिसते, ते समोरच्या माणसाला दिसत कसे नाही? त्यांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न: मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच घरात वाढलो, एकाच शाळेत शिकलो. निवडणुकीच्या काळात दूरचित्रवाणीवर झालेली एक जाहीर चर्चा आम्ही शेजारी शेजारी बसून पाहिली. ती संपल्यावर भाऊ म्हणाला की, तुला पटणाऱ्या नेत्याने समोरच्याला बोलूच दिले नाही. मला तर नेमके उलटे दिसले होते. आमच्यापैकी एक जण खोटे बोलतो आहे, असे समजायचे का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर: आपण दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता अधिक आहे, आणि अडचण तीच आहे. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते निदान ठाऊक असते, त्यामुळे त्याला कोंडीत पकडता येते. आपल्या दोघांच्या बाबतीत तसे काही होणार नाही.

आपल्या प्रश्नाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा एक जुना अभ्यास आहे. १९५१ सालच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन शिक्षणसंस्थांच्या संघांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. खेळ भलताच धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला आणि पुढे दोन्हीकडे आरोप-प्रत्यारोपांची राळ उडाली. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची एकच चित्रफीत दोन्ही संस्थांच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग दिसेल तिथे नोंद करायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दोन्ही संघांचे नियमभंग जवळपास सारखेच, म्हणजे सरासरी चारच्या थोडे वर, दिसले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना मात्र डार्टमथचे नियमभंग सरासरी दहाच्या आसपास दिसले. पडद्यावरची चित्रे तीच होती आणि मत कोणी विचारलेच नव्हते. फक्त मोजायला सांगितले होते.

खेळाच्या बाबतीत हे चालायचेच, राजकारणासारख्या गंभीर विषयात माणूस अधिक सावध असेल, असे आपण म्हणाल. प्रत्यक्षात तसे आढळत नाही. रॉबर्ट वलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बैरूतमधील पॅलेस्टिनी निर्वासितांच्या १९८२ च्या हत्याकांडासंबंधीच्या दूरचित्रवाणी बातम्या इस्रायलची बाजू घेणाऱ्या आणि अरबांची बाजू घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दाखवल्या होत्या. दोन्ही गटांना त्याच बातम्या आपल्या विरोधात झुकलेल्या वाटल्या. डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून बोलका आहे. तिथे चित्रफीत एका निदर्शनाची होती. काही प्रेक्षकांना सांगण्यात आले की, हे लोक गर्भपात केंद्रासमोर गर्भपाताला विरोध करत आहेत; इतरांना सांगण्यात आले की, समलिंगी व्यक्तींना सैन्यात घेण्यावर असलेल्या बंदीविरुद्ध ते सैन्यभरतीच्या ठिकाणी उभे आहेत. निदर्शकांनी कोणाची वाट अडवली का, कोणाला धमकावले का, ही खरे तर डोळ्यांनी पाहून सांगण्याची बाब. पण प्रेक्षकांची उत्तरे त्यांची स्वतःची मूल्ये आणि त्यांना सांगितलेले निदर्शनाचे कारण यांच्या मेळानुसार बदलली.

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण आपण पक्षपाती निवाड्याबद्दल वापरतो. या अभ्यासांतून जे दिसते ते त्याच्याही आधीचे आहे. निवाडा देण्यापूर्वी, पुरावा गोळा करतानाच पक्षपात होऊन गेलेला असतो आणि गोळा करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. दोन तासांच्या चर्चेतले प्रत्येक वाक्य, प्रत्येक हातवारा कोणीच टिपू शकत नाही. काही टिपायचे आणि बाकीचे सोडायचे, ही निवड करावीच लागते, आणि ती आपल्या आधीच्या ओढीनुसार होते. आपल्या नेत्याने मध्येच तोंड घातले तर ते ‘मुद्दा खोडून काढणे’ म्हणून लक्षात राहते. दुसऱ्याने तेच केले तर ‘बोलू न देणे’ म्हणून.

म्हणून कोण जिंकले यावर भावाशी वाद घालण्यापेक्षा, पुढच्या वेळी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपण काय पाहिले तेवढेच लिहावे, कोणी कोणाला कितव्यांदा थांबवले याच्या खुणा कराव्यात आणि मग ध्वनिचित्रमुद्रण पुन्हा लावून दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. याने आपली मते एक होतील, असे मी मुळीच म्हणत नाही. पण भांडण निदान जिथे आहे तिथे होईल.

प्रश्न: आम्ही दोघेही नोकरी करतो. घरातील कामांचा अधिक वाटा आपण उचलतो, असे मला मनापासून वाटते आणि माझ्या पतींनाही स्वतःबद्दल तितक्याच मनापासून तसे वाटते. हाही दृष्टिकोनाचाच प्रकार मानून मी गप्प बसावे का? (एक नोकरदार गृहिणी)

उत्तर: अर्धा प्रकार दृष्टिकोनाचा आहे, उरलेल्या अर्ध्याबद्दल गप्प बसू नये.

मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ जोडप्यांना घरातील निरनिराळ्या कामांतला स्वतःचा वाटा किती, हे वेगवेगळे विचारले होते. बहुतेक जोडप्यांच्या बाबतीत पती आणि पत्नीने सांगितलेल्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या पुढे गेली. यातली गंमत अशी की, भांडण उकरून काढण्यासारख्या, अभिमान न वाटणाऱ्या गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्तच सांगितला. म्हणजे हा केवळ बढाईचा मामला नव्हे. आपण केलेले काम आपण स्वतः अनुभवलेले असते, त्यात गेलेला वेळ आणि आलेला कंटाळा आपल्या आठवणीत असतो. दुसऱ्याने केलेल्या कामाचा आपल्याला दिसतो तो फक्त परिणाम, आणि तोही नेहमी लक्षात येतो असे नाही. काय संपत आले आहे, कोणाला कधी कुठे न्यायचे आहे, याचा डोक्यात चाललेला हिशोब तर दुसऱ्याला कधीच दिसत नाही.

पण दोघांनाही सारखेच वाटते, यावरून दोघेही सारखेच काम करतात असे ठरत नाही. वाटणे ही एक गोष्ट आणि घड्याळ ही दुसरी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ सालच्या अहवालानुसार जगात घरकाम आणि संगोपन यांच्या बिनपगारी श्रमांचे ७६.२ टक्के तास स्त्रियांचे असतात; दिवसाची सरासरी स्त्रियांसाठी ४ तास २५ मिनिटे आणि पुरुषांसाठी १ तास २३ मिनिटे आहे. हे आकडे आपल्या घरावर लादता येणार नाहीत, हे खरे. पण आपल्या घरातले आकडे काढणे काही अवघड नाही. एक आठवडा दोघांनीही कामाची नोंद ठेवावी आणि नोंद ठेवण्याचे कामही त्यात धरावे.

प्रश्न: महाविद्यालयात आम्हाला शिकवले जाते की, प्रत्येकाचे सत्य त्याच्या जागेवरून ठरते. हे मान्य केले तर कोणालाही चूक म्हणता येणार नाही. मग सगळ्याच मतांचा सारखा आदर करायचा का? आणि तसे असेल तर वाद घालण्यात अर्थ काय उरतो? (एक विद्यार्थी)

उत्तर: तुमच्या पत्रातला वैताग मला योग्य वाटतो. दृष्टिकोनांविषयीची बरीचशी चर्चा ‘तुझे तुझ्यापाशी, माझे माझ्यापाशी’ इथवर येऊन थांबते आणि तिला उगाचच उदारपणाचे नाव मिळते.

तुमच्या प्रश्नावर जैन तर्कशास्त्राने फार काटेकोर विचार केलेला आहे. वस्तूला अनेक अंगे असतात आणि एका वेळी एका अंगाने केलेले विधान म्हणजे ‘नय’, असे ते मानते. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. ‘अमुक आहे’ हा नय झाला. ‘अमुकच आहे, दुसरे काही नाही’ असा हट्ट धरला की तो दुर्नय झाला. आणि ‘एका अपेक्षेने, म्हणजे एका विशिष्ट दृष्टीने, अमुक आहे’ असे आपली मर्यादा ओळखून म्हटले की ते प्रमाणाच्या, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या, पदवीला पोहोचते. यात कुठेही ‘सगळी विधाने सारखीच खरी’ असे म्हटलेले नाही. अपेक्षा स्पष्ट केली की विधान तपासायला उलट सोपे होते, कारण ते कशाविषयी आहे हे नक्की ठरते.

एक उदाहरण घेऊ. दहा जणांचे उत्पन्न आरंभी सारखे आहे. त्यांतील एकाचे दहापट झाले आणि नऊ जणांचे होते तेवढेच राहिले. आता ‘सरासरी उत्पन्न जवळपास दुप्पट झाले’ हे सत्ताधाऱ्याचे विधान खरे आहे आणि ‘दहापैकी नऊ जणांच्या हाती काहीच पडले नाही’ हे विरोधकाचे विधानही खरे आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत, पण दोघेही नेमके एकच अंग पुढे करतात. तिसऱ्या कोणी ‘नऊही जणांचे उत्पन्न वाढले’ असे म्हटले, तर तो मात्र सरळ चुकतो. त्याला दृष्टिकोनाचा आसरा घेता येणार नाही. महागाईचेही तसेच असते. महागाईचा निर्देशांक हा सरासरी कुटुंबाच्या खर्चावरून काढलेला एकच आकडा; पण ठरलेल्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला तो आकडा वाढणे म्हणजे दर महिन्याला थोडे गरीब होणे, तर पूर्वीच स्थिर व्याजदराने मोठे कर्ज घेतलेल्या माणसाचे वेतन महागाईबरोबर वाढत असेल, तर त्याचे ओझे त्यामुळे हलके होत जाते. भाड्याच्या घरात राहणारा आणि स्वतःच्या घरात राहणारा यांचा खर्च त्या सरासरीशी जुळेलच असे नाही. त्यामुळे ‘महागाई कुठे आहे?’ असे विचारणाऱ्यावर दुसऱ्याने संतापणे साहजिक आहे. मात्र दोघांनी आपापला खर्च मांडला, तर वादाचे कारण कागदावर दिसते.

मांडणीचा परिणाम याहून खोल जातो. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९८१ साली मांडलेला प्रश्न प्रसिद्ध आहे. एका साथीत ६०० माणसे दगावण्याची भीती आहे. पहिली योजना निवडली तर २०० माणसे वाचतील. दुसरी निवडली तर सगळीच्या सगळी वाचण्याची शक्यता एकतृतीयांश आणि एकही न वाचण्याची शक्यता दोनतृतीयांश. ७२ टक्के लोकांनी पहिली, खात्रीची योजना निवडली. मग दुसऱ्या गटाला तोच प्रश्न शब्द बदलून घातला: पहिल्या योजनेत ४०० माणसे मरतील; दुसरीत कोणीच न मरण्याची शक्यता एकतृतीयांश आणि सगळी मरण्याची दोनतृतीयांश. आता पहिल्या योजनेकडे फक्त २२ टक्के वळले. ६०० पैकी २०० वाचणे आणि ४०० मरणे यात तिळमात्र फरक नाही. येथे लोकांचे अनुभव वेगळे नव्हते, हितसंबंध वेगळे नव्हते, पक्ष तर नव्हताच. घोषणा कोण लिहितो यावर इतके अवलंबून असते! राजकीय पक्ष शब्दांसाठी एवढे का झगडतात, हे यावरून समजते. एकाच कराला एक जण ‘ओझे’ म्हणतो, दुसरा ‘वाटा’ म्हणतो आणि श्रोत्याचा कौल बराचसा तिथेच ठरतो.

म्हणून वाद घालण्यात अर्थ आहे, फक्त तो कशावर चालला आहे हे आधी ठरवावे लागते. घडले काय, याविषयी दुमत असेल तर पुरावा पाहावा. तिथे बहुमताला किंवा भावनेला काम नाही, आणि ज्याने त्या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला त्याचे मत आणि काल रात्री वाचून आलेल्याचे मत यांना सारखे वजन देण्याचेही कारण नाही. घडलेल्याविषयी एकमत असून कशाला किती महत्त्व द्यावे यावर मतभेद असेल, उदाहरणार्थ सुरक्षिततेसाठी किती खासगीपण सोडावे यावर, तर आकडेवारी तुम्हाला शेवटपर्यंत नेणार नाही. तिथे आपण कशाची किंमत मोजायला तयार आहोत आणि ती कोणाच्या खिशातून जाणार आहे, हे उघड बोलावे लागते. आदराचे म्हणाल, तर तो माणसाचा करावा. मताची तपासणी करावी, आणि मत मांडणाऱ्याचा आदर असेल तर ती अधिक कसून करावी.

प्रश्न: एखाद्या अन्यायाविषयी बोलण्याचा अधिकार तो सोसणाऱ्यालाच आहे, असे हल्ली वारंवार ऐकू येते. मी एक समाजकार्यकर्ता आहे, पण ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्यापैकी नाही. मी बोलायचे की नाही? (एक कार्यकर्ता)

उत्तर: ज्याचे जळते त्याला कळते, हे खरेच आहे; आणि ते किती खरे आहे याचा पुरावा म्हणून स्वित्झर्लंडचा इतिहास पाहावा. जुन्या लोकशाह्यांपैकी एक मानल्या जाणाऱ्या त्या देशात स्त्रियांना संघराज्याच्या पातळीवर मतदानाचा हक्क द्यावा की नाही, यावर १९५९ साली सार्वमत झाले. मत देणारे अर्थातच सगळे पुरुष होते आणि त्यांतील सुमारे दोनतृतीयांश पुरुषांनी तो प्रस्ताव फेटाळला. ७ फेब्रुवारी १९७१ रोजी पुन्हा सार्वमत झाले तेव्हा जवळपास तेवढ्याच बहुमताने तो मंजूर झाला. आपेन्त्सेल इनररोडन या छोट्या प्रांतातील पुरुष मात्र प्रांतिक मतदानाबाबत अडूनच बसले होते; १९९० साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला त्यांना हुकूम सोडावा लागला. हे सारे पुरुष दुष्ट होते असे समजण्याचे कारण नाही. ज्यांना एक दिवसही मताविना काढावा लागला नव्हता, त्यांना त्यात घाई करण्यासारखे काही दिसत नव्हते, इतकेच. निर्णयाच्या खोलीत कोण बसले आहे यावर कोणता प्रश्न तातडीचा ठरतो, हे असे ठरते.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. स्वित्झर्लंडमध्ये मताधिकाराला विरोध करणाऱ्या स्त्रियांच्या संघटना होत्या. ब्रिटनमध्येही १९०८ साली तशी संघटना स्थापन झाली होती. म्हणजे जागा माहीत झाली की माणसाचे मत माहीत झाले, असे होत नाही. सोसणाऱ्यांतही अनेक मते असतात आणि ‘आमच्या समाजाचे म्हणणे असे आहे’ असे सांगायला जो पुढे येतो, त्याची समाजातली जागा कोणती, हेही विचारावे लागते. सोसण्यातून काय सोसले याचे ज्ञान मिळते. ते का घडते आणि कशाने थांबेल, याचे ज्ञान आपोआप मिळत नाही. त्यासाठी अभ्यास लागतो आणि तो कोणीही करू शकतो.

जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ साली एक कल्पना मांडली: समाजाचे नियम ठरवताना आपण त्या समाजात कोण म्हणून जन्मणार, श्रीमंत की गरीब, धडधाकट की अपंग, हे आपल्याला ठाऊक नाही असे धरून ते ठरवावेत. कल्पना सुरेख आहे आणि मनाला वळण लावण्यासाठी उपयोगीही आहे. पण अपंग म्हणून जन्मलो तर काय अडेल, याची यादी धडधाकट माणूस मनाने करू लागला की त्याला जिना आठवतो आणि यादी संपते. म्हणून तुम्ही जरूर बोला. मात्र तुमच्याजवळची यादी त्यांच्याकडून तपासून घेतलेली असावी, आणि जिथे ते स्वतः बोलायला उभे राहू शकतात तिथे ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती असावा.

प्रश्न: माझा मुलगा माझ्या विरुद्ध राजकीय विचारांचा झाला आहे. मी त्याला पुरावे दाखवते, आकडे दाखवते, लेख पाठवते; पण सगळे पालथ्या घड्यावर पाणी. त्याने दुसरी बाजू वाचलीच नाही, तर त्याला ती कळणार कशी? (एक आई)

उत्तर: ताई, दुसरी बाजू वाचून माणूस मवाळ होतो, हे आपण सगळेच गृहीत धरतो. पण त्या गृहीताला फारसा आधार नाही. चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९७९ साली देहदंडाचे समर्थक आणि विरोधक असलेल्या एकूण ४८ विद्यार्थ्यांना दोन संशोधने वाचायला दिली. एकाचा निष्कर्ष देहदंडाने गुन्हे घटतात असा, तर दुसऱ्याचा घटत नाहीत असा होता. दोन्ही बाजू सगळ्यांनीच वाचल्या. प्रत्येकाला आपल्या बाजूचे संशोधन पक्के वाटले, विरुद्ध बाजूच्या संशोधनात ढीगभर दोष सापडले, आणि शेवटी दोन्ही गट आपापल्या मतात अधिकच ठाम झाल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. २०१८ साली क्रिस्टोफर बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ट्विटर वापरणाऱ्यांना महिनाभर विरुद्ध पक्षाच्या लोकांचे संदेश रोज दिसतील अशी व्यवस्था केली. रिपब्लिकन पक्षाचे लोक त्यानंतर आपल्या मतांत अधिक कडवे झालेले आढळले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मवाळ कोणीच झाले नाही. तेव्हा आपण पाठवलेले लेख चिरंजीव वाचत असतीलही. वाचण्यानेच सगळे होते असे नाही.

याचा अर्थ पुरावा निरुपयोगी आहे असाही काढू नये. चुकीची माहिती दुरुस्त करायला गेले की माणूस तिला उलट घट्ट धरतो, असे २०१० साली एका अभ्यासात आढळले आणि ते फार गाजले. पण पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी अनेक विषयांवर तपासले, तेव्हा तसा उलटा परिणाम क्वचितच दिसला आणि दुरुस्ती बहुतेकांनी स्वीकारली. २०१९ सालचा त्यांचा लेख या बाबतीत दिलासा देणारा आहे. घोटाळा असा की, तथ्य मान्य केले म्हणून भूमिका बदलतेच असे नाही. ‘हा आकडा चुकला खरा, पण आमचे म्हणणे आकड्यावर अवलंबून नव्हतेच’ हे वाक्य आपण ऐकले असेल. बहुतेक वेळा ते खरेही असते. राजकीय भूमिका ही पुष्कळदा आपण कोणाबरोबर आहोत याची खूण असते, आणि ती सोडायची म्हणजे मित्रांतली जागा सोडायची असते. एवढी किंमत कोणी एका लेखासाठी मोजत नाही.

मग करावे काय? एक सुचवणी अशी होती की, ‘का’ विचारण्याऐवजी ‘कसे’ विचारावे: ही योजना नेमकी कशी राबवली जाईल, पैसा कुठून येईल, पहिल्या पायरीनंतर दुसरी कोणती. २०१३ सालच्या एका अभ्यासात असे समजावून सांगायला लावल्यावर लोकांना आपल्या ज्ञानाच्या मर्यादा जाणवल्या आणि त्यांची मतेही सौम्य झाली. पुढच्या फेरतपासणीत पहिला परिणाम टिकला, दुसरा टिकला नाही. तरी मी हा प्रश्न विचारण्याच्या बाजूचा आहे, कारण आपले मत न बदलताही आपल्याला किती कमी ठाऊक आहे हे कळले तर घरातले बोलणे निदान खालच्या पट्टीत येते. अट एवढीच की, ‘कसे’ हा प्रश्न आधी आपण स्वतःच्या पक्षाच्या योजनेविषयी घ्यावा, आणि तोही मुलाच्या देखत.

याहून आशादायक काम डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कला यांचे आहे. घरोघर जाऊन बोलल्याने मते बदलतात का, या विषयावरचा दुसऱ्या एका संशोधकाचा गाजलेला लेख बनावट माहितीवर उभा असल्याचे ज्यांनी उघडकीस आणले, त्यांत हे दोघे होते आणि तो लेख २०१५ साली मागे घेतला गेला. नंतर त्यांनी स्वतः प्रामाणिकपणे तशाच प्रकारचा प्रयोग केला आणि परिणाम खरोखरच सापडला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मायामीमध्ये कार्यकर्ते घरोघर गेले आणि सुमारे दहा मिनिटे पारलिंगी व्यक्तींविषयी बोलले. पण त्यांनी युक्तिवाद केला नाही. तुम्हाला कधी वेगळे म्हणून वागवले गेले का, तेव्हा कसे वाटले, हे त्यांनी विचारले, ऐकून घेतले आणि समोरच्याला दोष दिला नाही. पूर्वग्रहात झालेली घट तीन महिन्यांनंतरही टिकून होती.

आपल्या घरात याचा अर्थ काय, ते आपणच ठरवावे. महिनाभर एकही लेख न पाठवता, त्याचे विचार बदलले त्या काळात त्याच्या आयुष्यात काय चालले होते, एवढे मात्र विचारून पाहा. एखादी नोकरी न मिळणे, एखादा अपमान, एखादा भेटलेला चांगला माणूस: मतांना अशा ठिकाणी अंकुर फुटतात आणि मग ती युक्तिवाद शोधत येतात. त्याचे उत्तर ऐकताना ‘पण’ या शब्दाने वाक्य सुरू करण्याचा मोह होईल. तेवढा आवरावा. आणि तो उलट आपल्यालाही हेच विचारील, याची तयारी ठेवावी.

प्रश्न: या सगळ्या गदारोळात मी नेहमी मध्यावर राहतो. दोन्ही बाजूंचे थोडे थोडे घेतले की सत्य सापडते, असा माझा अनुभव आहे. हे धोरण बरोबर ना? (एक व्यावसायिक)

उत्तर: व्यवहारात पुष्कळदा बरोबर ठरते, तत्त्व म्हणून नाही. मध्य कुठे आहे हे दोन टोके कोणी रोवली यावर ठरते आणि टोक रोवणारा हुशार असेल तर तो आपले टोक मुद्दाम लांब नेऊन रोवतो, म्हणजे मध्य आपोआप त्याच्याकडे सरकतो. भावाची घासाघीस करणारा कोणीही आपल्याला हे सांगेल. मध्यावर उभे राहणे हाही एक दृष्टिकोनच आहे, फक्त तो स्वतःला दृष्टिकोन म्हणवून घेत नाही.

ब्रिटिश संसदेने १८३३ साली आपल्या बहुतेक वसाहतींमधील गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला, तेव्हा एका बाजूला ती तत्काळ संपवा म्हणणारे होते आणि दुसऱ्या बाजूला आमच्या मालमत्तेचे काय म्हणणारे मालक. कायद्याने मधला मार्ग काढला. मालकांना २ कोटी पौंड भरपाई मिळाली. सहा वर्षांखालील मुले लगेच मुक्त झाली, पण बाकीच्यांपैकी बहुतेकांना ‘उमेदवार’, म्हणजे शिकाऊ कामगार, असे नवे नाव देऊन पूर्वीच्याच मालकांकडे सक्तीने राबायला लावले गेले आणि ती पद्धत १८३८ पर्यंत चालली. संसदेत बसलेल्या अनेकांना ही तडजोड समतोल वाटली होती. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट श्रम केले, त्यांना भरपाईपोटी काहीच मिळाले नाही, कारण ज्या दोन बाजूंच्या मधोमध हा मार्ग काढला गेला, त्यांपैकी एकाही बाजूच्या बाकावर ते बसलेले नव्हते.